हजार हिवाळ्यांपैकी एक

सप्टेंबर संपत आला की वडशाच्या नाटक कंपन्यांच्या गल्लीत चहा पिताना लोक एकमेकांना विचारत, "हेमंत काय म्हणते गा?"

हेमंत माणूस नव्हता. दूरच्या एका संशोधन संस्थेत बसवलेला तो महासंगणक होता. येणारा हिवाळा कसा असेल, हे तो तीन महिने आधी, प्रत्येक तालुक्याला वेगळं सांगत असे. पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टीतली नाटकं दिवाळीपासून होळीपर्यंत चालतात. धान कापून झालेल्या बांधीत मंच उभा राहतो, आणि पंचक्रोशीतली माणसं धानाच्या तणसावर, चादरी लपेटून, उजाडेपर्यंत बसतात. त्यामुळे इतर गावांत हेमंत ही बातमी असली, तरी या गल्लीत ती पोटाची गोष्ट होती.

त्या सकाळी कंपनीचा मालक देवराव लांजेवार ओट्यावर उभा राहून, फोन डोळ्यांपासून लांब धरून वाचत होता.

"कडक," तो म्हणाला. "हजारातून आठशे."

"मागच्या साली किती होते?" पेटीवाल्या बाजीरावने विचारलं.

"सातशे."

"आन् झालं काय? डिसेंबरात मी बनियनवर पेटी वाजवली."

सगळे हसले. "त्याले म्हणा, एकदा खड्ड्यात येऊन बस," बाजीराव पुढे म्हणाला. "मंग सांग थंडी."

ओट्याच्या टोकाला बसलेला शालिक खोब्रागडेही हसला, पण थोडा उशिरा. तो कंपनीचा प्रॉम्प्टर होता. मंचाच्या पुढे जमिनीत खड्डा खणतात, त्यात पेटी आणि तबला बसतो, आणि मधोमध संहिता मांडीवर घेऊन प्रॉम्प्टर. हंगामात रोज वेगळं गाव आणि बऱ्याचदा वेगळं नाटक. पाठांतराला कोणाला वेळ नसतो. खड्ड्यातून वाक्य येतं आणि अर्ध्या श्वासानंतर तेच वाक्य नट टाळ्या घेत म्हणतो. इतर कंपन्यांनी नटांच्या कानात यंत्रं बसवली होती. देवरावनेही एक आणलं होतं. नटांनी ते परत केलं. यंत्र वाक्य देई, पण माणूस अडला आहे की मुद्दाम थांबला आहे, हे त्याला कळत नसे.

शालिकला ते कळे, निदान इतरांचं तसं म्हणणं होतं. त्याचं स्वतःचं मत वेगळं होतं. मंचावरची शांतता आपल्याला सोसत नाही, म्हणून आपण वाक्य देऊन टाकतो, एवढंच त्याला आपल्याबद्दल ठाऊक होतं.

खिशातला त्याचा फोन वाजला. हेमंतचा दुसरा निरोप थेट घरोघरी जाई. सिकलसेलच्या रुग्णांना.

'विशाखा शालिक खोब्रागडे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी स्थलांतराची शिफारस.'

लागोपाठ तिसरं वर्ष.

*

निरोगी माणसाच्या रक्तातल्या लाल पेशी गोल आणि मऊ असतात. केसाहून बारीक नळीतूनही अंग चोरून निघून जातात. विशाखाच्या पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकत आणि ताठ होत. थंडीत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त रेंगाळतं, आणि मग हे विळे एकमेकांत अडकून वाट बंद करतात. हाडांत कळा येतात. कधी छातीत अडकतात, तेव्हा श्वासच बंद होऊ लागतो. जनुक दुरुस्त करायचा उपचार निघाला होता. नागपुरात त्यासाठी नाव नोंदवून सहा वर्षं झाली होती.

म्हणून हेमंत आल्यावर सरकारने एक शहाणपणाची योजना केली. ज्या तालुक्यात कडक हिवाळा दिसेल, तिथल्या रुग्णांना थंडीपुरतं कोकण किनाऱ्यावरच्या वसतिगृहांत हलवायचं. किनाऱ्यावर रात्रीही ऊब असते. राहणं, खाणं, औषध सगळं मोफत.

विशाखा दोन हिवाळे तिकडे राहून आली. दोन्ही वर्षी वडशात थंडी पडलीच नाही.

ती नटी होती, आणि चांगली होती. पहिल्या वर्षी 'बांधावरची सीता' या नाटकातली तिची भूमिका भंडाऱ्याच्या एका मुलीला द्यावी लागली. दुसऱ्या वर्षी तर ते नाटक त्या मुलीच्या नावावर चालू लागलं. शिवाय आरमोरीचा एक मुलगा तिला बघून गेला होता. त्याच्या घरच्यांनी निरोप पाठवला, की पोरगी चांगली आहे, पण दर हिवाळ्यात सून घरात नसेल तर धान कापणीला आणि पाहुण्यांना कोण बघेल. झाडीपट्टीत जे काही घडतं ते हिवाळ्यात घडतं. हिवाळा काढून घेतला तर उरतं ते नुसतं वाट बघणं.

*

"बाबा, हजारातून आठशे म्हणजे काय?" विशाखाने जेवताना विचारलं. अर्थ तिला माहीत होता, पण बापाला बोलतं करायची तिची ती पद्धत होती.

शालिक नगर वाचनालयातली हवामानावरची होती तेवढी पुस्तकं वाचून बसला होता. समजलं किती, याची त्याला शंका होती.

"हवा विसरभोळी असते," तो म्हणाला. "आजची हवा पंधरा दिवसांनी स्वतःले ओळखत नाई. म्हणून पंधरा दिवसांपुढचा अमुक दिवस कसा राहील, हे कोणीच सांगू शकत नाई. पण समुद्र लवकर विसरत नाई. डोंगरावरचा बर्फ विसरत नाई. आभाळात लई वर, ढगांच्याही वर, ध्रुवाभोवती वारा फिरते, तोही महिना-महिना आपली चाल सोडत नाई. हेमंत ते सगळं घेते आन् हजार हिवाळे रचते. दर वेळी सुरुवात थोडी बदलते, केसाएवढी. त्यातले आठशे कडक निघाले."

"आन् आपल्याले भेटते किती?"

"एक."

"मंग तो आठशातला का दोनशातला, ते हेमंतले माहीत?"

"नाई."

"तुमाले?"

"मले कसं माहीत राहील?"

विमल, विशाखाची आई, भात वाढता वाढता थांबली. ती अंगणवाडीत शिकवायची आणि घरात सगळ्यात कमी बोलायची. "तुमी दोघं हजार मोजत बसा," ती म्हणाली. "मी बॅग भरून ठेवतो. नाई पडली थंडी, तर नाई पडली. कोकणात पोरगी मासे खाऊन येईल."

"आई, मले मासे नाई आवडत."

"मंग उपाशी राहा. पण तिकडं राहा."

विशाखा हसली, आणि मग हसणं जरा लवकरच संपलं. "देवरावकाका म्हणते, यंदा सीता परत माही. भंडाऱ्याची गेली दुसऱ्या कंपनीत. यंदा नाई केलं, तर पुढच्या साली मले कोण विचारेल?"

तिने बापाकडे पाहिलं. शालिकने ताटाकडे पाहिलं. खरं तर त्याला सांगायचं होतं, की हेमंत दोनदा चुकला म्हणून तिसऱ्यांदा चुकेल असं काही नाही. पण दोन वर्षं मुलीचं जे गेलं ते त्याने खड्ड्यातून रोज पाहिलं होतं, दुसरीच्या तोंडून तिची वाक्यं ऐकत. तो राग कुठेतरी ठेवायला हवा होता, आणि यंत्रावर ठेवणं सोपं होतं.

"हजार प्रयोगांतले आठशे पडले," तो म्हणाला, "म्हणून आजचा पडेलच असं नाई."

"पडूही शकते," विमल म्हणाली.

*

सिकलसेल विभाग सरकारी दवाखान्याच्या मागच्या बाजूला होता. डॉक्टर मडावी कुरखेड्याकडच्याच, विशाखाला लहानपणापासून बघत आलेल्या. खोलीत खोकी बांधून ठेवली होती.

"मी महिनाअखेर निघते," त्या म्हणाल्या. "नोव्हेंबरपासून हा विभाग बंद. फेब्रुवारीअखेर उघडेल."

"बंद म्हणजे?" शालिकने विचारलं.

"रुग्ण जिथे, तिथे विभाग. रक्ताचा साठा, रक्त बदलायचं यंत्र, दोन्ही सिस्टर, मी, सगळे किनाऱ्यावर. दोन ठिकाणी पुरेल एवढं आपल्याकडे नाही ना."

"आन् जे जाणार नाईत त्यांचं?"

"त्यांनी जावं म्हणून तर मी बोलते आहे, काका."

"हेमंत दोन साल चुकला, मॅडम."

"चुकला," डॉक्टरांनी लगेच मान्य केलं. "यंदाही चुकेल कदाचित. मी हमी देत नाही, तोही देत नाही. पण मला विचाराल तर मी जा म्हणेन. मला दरवर्षी तेच म्हणावं लागेल, आणि दरवर्षी तुमचा माझ्यावरचा विश्वास थोडा कमी होईल, हेही मला दिसतंय." त्या विशाखाकडे वळल्या. "पण हे तुझं तू ठरवायचं. संमती तुझी लागते. काय करतेस?"

विशाखा खिडकीतून बाहेर बघत होती. बाहेर सायकलींचा स्टँड होता, त्यावर शेवरीचं एक झाड वाकलं होतं. पंखा फिरत होता. डॉक्टरांची बोटं कळफलकावर थांबली होती.

शालिकला ही शांतता ओळखीची होती. अशा वेळी नटाचे खांदे थोडे वर येतात, श्वास घेतलेला असतो, आणि पुढचं काही नसतं. त्याने ठरवून काही केलं नाही. तीस वर्षांत जे केलं तेच त्याच्या तोंडून झालं. ओठ न हलवता, फक्त जवळच्यालाच ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "नाई जात."

"नाई जात," विशाखा मोठ्याने म्हणाली.

अर्ध्या श्वासाचं अंतर होतं. आवाज तोच, चढउतार तोच. डॉक्टरांना पहिलं वाक्य ऐकू आलं नसावं. त्यांनी उत्तर नोंदवलं, संगणकाचा पडदा तिच्यासमोर वळवला, आणि तिने त्यावर अंगठा ठेवला.

दोघं पायीच घराकडे निघाले. रेल्वे फाटकापाशी मालगाडी जाईपर्यंत थांबावं लागलं.

"मी तेच म्हणणार होती," विशाखा म्हणाली.

त्याने काही विचारलं नव्हतं.

*

नोव्हेंबर उबदार गेला. डिसेंबरात पंखे सुरू होते. बाजीरावने खरोखरच बनियनवर पेटी वाजवली आणि प्रत्येक गावात मध्यंतरानंतर तो माईकवर सांगू लागला, "आजचा कार्यक्रम हेमंतरावांच्या कृपेने, थंडीविना." लोक हसून लोळत. वडशात हेमंत ही शिवी झाली. कर्ज घेऊन न फेडणाऱ्याला, लग्नाचं बोलून न येणाऱ्याला लोक 'पक्का हेमंत आहे' म्हणू लागले.

विशाखाची सीता पुन्हा तिच्या नावावर आली. तिला बघायला ट्रॅक्टर भरून लोक येत. आरमोरीच्या घरूनही कोणी येऊन बसलं होतं म्हणे. शालिक खड्ड्यातून तिला वाक्यं देई, आणि ती घेताना कधी कधी किंचित खाली बघून डोळ्यांनी हसे. विमलने भरलेली बॅग पुन्हा रिकामी केली. तेव्हा शालिकला वाटलं, आपण बरोबर होतो. ही भावना त्याला सवयीची नव्हती. ती त्याला आवडली.

जानेवारीच्या मध्यावर उत्तरेचा गार वारा तीन दिवसांसाठी खाली उतरला.

तो येणार हे नेहमीच्या हवामान खात्याने चार दिवस आधी सांगितलं होतं. ते सांगणं हेमंतचं नव्हतं. तो जुना, साधा, जवळचा अंदाज होता, सहसा न चुकणारा. पण वडशात लोकांनी अंदाज बघणंच सोडलं होतं. कोणता अंदाज लांबचा आणि कोणता जवळचा, हा फरक हसण्यात वाहून गेला होता. शालिकला तो फरक माहीत होता; त्यानेच घरात तो समजावून सांगितला होता. त्यानेही बघितलं नाही.

प्रयोग वैनगंगेच्या काठावरच्या एका गावात होता. तिसऱ्या अंकात सीता फाटक्या साडीत बांधावर बसते आणि तिच्यावर पाण्याची घागर ओततात. देवराव म्हणाला, आज घागर रिकामीच ओता. विशाखा म्हणाली, रिकामी घागर लोकांना मागच्या रांगेतूनही कळते. कोमट पाणी घ्यायचं ठरलं. ते मंचावर येईपर्यंत कोमट राहिलं नाही.

सकाळी ती पडद्यामागे तणसावर पाय पोटाशी घेऊन पडली होती. आधी पाठ, मग छाती. कंपनीच्या गाडीतून वडशाला आणलं. सरकारी दवाखान्यात तरुण डॉक्टर होता, घाबरला, पण धावपळ सगळी केली. प्राणवायू लावला. तिचं रक्त बदलायला हवं होतं. रक्त बदलायचं यंत्र किनाऱ्यावर होतं, आणि तिच्याशी जुळणाऱ्या रक्ताच्या पिशव्याही तिकडेच गेल्या होत्या. मागच्या बाजूच्या विभागाला कुलूप होतं. तरुण डॉक्टरने डॉक्टर मडावींना फोन लावला. त्या एकेक गोष्ट सांगत होत्या, हा 'ते इथे नाही' म्हणत होता.

नागपूरच्या वाटेवर, रुग्णवाहिकेत, विशाखाने डोळे उघडून बापाकडे पाहिलं. मंचावर अडली की ती जशी बघे, तशीच. खांदे थोडे वर, श्वास घेतलेला.

शालिकजवळ वाक्य नव्हतं.

ब्रह्मपुरी मागे पडल्यावर रुग्णवाहिकेतल्या सिस्टरने गाडी हळू करायला सांगितलं.

*

मार्चमध्ये हेमंतच्या संस्थेकडून सरलेल्या हिवाळ्याचा ताळेबंद आला. देवरावने तो ओट्यावर वाचला, सवयीने, आणि वाचायला सुरुवात केल्यावर थांबता येईना.

"पूर्व विदर्भातला हिवाळा सरासरीपेक्षा उबदार. जानेवारीतले तीन दिवस वगळता… हंगामी अंदाज चुकीचा ठरला."

कोणी हसलं नाही. बाजीरावने पेटीच्या भात्यावरची धूळ फडक्याने पुसली आणि तीच जागा पुन्हा पुसली.

शालिक घरी गेला. विमलने बातमी ऐकली होती. ती तांदूळ निवडत होती.

"हेमंत चुकला म्हणते," ती म्हणाली. "तुमी खरे निघाले."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. त्याने शोधला; नव्हता. तिने तांदळातला खडा काढून बाजूला ठेवला. त्यानंतर त्या घरात बोलणं झालं ते भाजीचं, गॅसचं आणि दिव्याचं.

एप्रिलमध्ये डॉक्टर मडावी भेटायला आल्या. खुर्चीच्या टोकावर बसल्या. "मी तिकडे एकशे चाळीस जणांना सांभाळून परत आणलं," त्या म्हणाल्या, "आणि त्या एकशे चाळीसपैकी प्रत्येक जण मला विचारतो, की इथे थंडी नव्हती तर आम्हाला का नेलं. मी त्यांना विशाखाचं सांगते. ते म्हणतात, ती पाण्याने भिजली म्हणून गेली. तेही खरंच आहे." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही बोलाल का त्यांच्याशी, काका? तुमचं ऐकतील."

"काय बोलू?"

डॉक्टरांनी विचार केला. हेमंतवर विश्वास ठेवा, असं सांगायचं, तर हेमंत चुकला होता. ठेवू नका म्हणायचं, तर विशाखाने ठेवला नव्हता. डॉक्टर चहा न पिताच उठल्या.

*

सप्टेंबर संपत आला. देवरावने हेमंत वाचणं बंद केलं होतं, तरी गल्लीत ते कळलंच. कडक. हजारातून साडेसातशे.

त्याच दुपारी नेवारे नावाचा माणूस शालिकला शोधत ओट्यावर आला. भातगिरणीत कामाला होता. कपड्यांवर, भुवयांवर कोंडा होता. त्याची मुलगी दहावीला होती. तिला निरोप आला होता.

"दादा, माफ करा, तुमाले त्रास देऊन राहिलो," तो म्हणाला. "पोरगी म्हणते, दहावीचं साल आहे, नाई जात. बायको म्हणते, धाड. मॅडम धाडाच म्हणते, त्यांचं तर कामच आहे. मी म्हटलं, ज्याच्यावर बेतलं त्यालेच विचारावं. तुमच्याएवढं याच्यातलं कोणाले माहीत नाई. धाडू का नोको?"

बाजीराव पेटी सोडून आत गेला. ओट्यावर दोघंच उरले.

नेवारे उत्तराची वाट बघत होता. त्याचे खांदे थोडे वर आले होते. शालिकला ते दिसलं, आणि तोंडाशी काहीतरी आलंही. ते काय आहे हे बघण्याआधीच त्याने दात मिटले. धाड म्हणावं, तर पुढच्या मार्चला हा माणूस वर्ष बुडालेली मुलगी घेऊन येईल, आणि त्याच्या पुढच्या वर्षी कोणाचंच ऐकणार नाही. नको म्हणावं, तर. एक हिवाळा येईल, हजारातला कोणता तरी, आणि तो आल्यावर सगळ्यांना वाटेल की हाच येणार होता.

गल्लीतून एक रिक्षा गेली. कुठल्याशा कंपनीत तालीम चालू होती. एक बाई एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती आणि दर वेळी चुकत होती.

शालिक गप्प बसला. आयुष्यात इतका वेळ तो कधी गप्प बसला नव्हता.

शेवटी नेवारे उठला. त्याने हात जोडले. त्याच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरल्यासारखं दिसत होतं.

"समजलं मले, दादा," तो म्हणाला. "तुमी बोलले नाई, पण समजलं."

आणि कपड्यांवरचा कोंडा झटकत तो गल्लीच्या तोंडाकडे चालू लागला. त्याला दोन्हींपैकी काय समजलं, ते शालिकला कळलं नाही. हाक मारता आली असती. नेवारे वळणावर दिसेनासा होईपर्यंत तो त्याच्या पाठीकडे बघत राहिला, आणि हाक मारली तर पुढचं वाक्य कोणतं, ते त्याला सापडलं नाही.